एमसीबी पडली नाही, तरी वायर जळते

उज्जैनच्या माधव नगरात, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या फ्रीगंजात, गणेशोत्सवाचा मांडव उभा राहिला, किंवा क्षिप्राकाठी सिंहस्थाचा मेळा भरला, की तात्पुरती वीज घ्यावीच लागते. २०१६ नंतरचा पुढचा सिंहस्थ २०२८ मध्ये आहे, आणि झोपण्या-शिजवण्याची सोय असलेल्या कॅरव्हॅन गाड्या आता इकडेही दिसू लागल्या आहेत; महाराष्ट्र शासनाने तर २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण आणले. अशा गाडीची वायर बोर्डापर्यंत पुरली नाही, की मिळेल ती दुसरी वायर जोडून ती वाढवली जाते, आणि कोणी हरकत घेतली तर एकच उत्तर मिळते: “एमसीबी आहे ना, लोड जास्त झाला तर पडेल.” हे उत्तर अर्धे खरे आहे, आणि धोका त्याच्या उरलेल्या अर्ध्या भागात आहे.

एमसीबी म्हणजे ठरावीक मर्यादेपलीकडे प्रवाह गेल्यास परिपथ आपोआप तोडणारे बटण. पण ती मर्यादा भिंतीतल्या कायम वायरिंगला धरून निवडलेली असते, बाहेर लोंबणाऱ्या वायरीची जाडी त्या बटणाला कळण्याचा काही मार्गच नसतो. शिवाय १६ अँपिअरची एमसीबी १६ अँपिअर ओलांडताक्षणी पडते, हेही खरे नाही. आयईसी ६०८९८ या मानकानुसार १.१३ पट, म्हणजे सुमारे १८ अँपिअर प्रवाहाला तिने तासभर पडता कामा नये, आणि १.४५ पट, म्हणजे सुमारे २३ अँपिअर झाल्यावर तासाभरात पडलेच पाहिजे. या दोहोंच्या मधल्या प्रवाहाला ती कधी पडेल याची खात्री मानक देत नाही. गाडीतला एसी, इंडक्शन शेगडी आणि पाण्याची किटली एकाच वेळी चालू असतील तर प्रवाह सहज २० अँपिअरवर जातो, म्हणजे नेमका याच मधल्या पट्ट्यात.

आता हाच प्रवाह १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या, ५० मीटर लांबीच्या वायरीतून जात आहे असे धरू. आयएस ८१३० या भारतीय मानकाप्रमाणे अशा लवचीक तारेचा रोध किलोमीटरला जास्तीत जास्त १९.५ ओहम असतो. फेजची तार आणि न्यूट्रलची तार मिळून १०० मीटरचा रोध १.९५ ओहम होतो. २० अँपिअरला २३० पैकी ३९ व्होल्ट वायरीतच खर्च होतात, आणि ७८० वॅट उष्णता वायरीतच तयार होते. वायर सरळ पसरलेली असेल तर ही उष्णता ५० मीटरवर वाटली जाते. पण उरलेली वायर नीटनेटकी गुंडाळून गाडीखाली सरकवली असेल, तर आतल्या वेटोळ्यांतली उष्णता बाहेर पडत नाही. सामान्य पीव्हीसी आवरणाची सततच्या तापमानाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस आहे, आणि सिंहस्थ भरतो तो एप्रिल-मेच्या उन्हात. अशी गुंडाळी उलगडून पाहिली तर आतली वेटोळी एकमेकांना चिकटलेली आढळतात. या सगळ्या काळात एमसीबी पडलेली नसू शकते.

शॉर्टसर्किट झाले तर ती क्षणार्धात पडेल, हा दिलासाही लांब वायरीच्या बाबतीत टिकत नाही. सी प्रकारच्या १६ अँपिअर एमसीबीला क्षणार्धात पडण्याची खात्री हवी असेल तर दहापट, म्हणजे १६० अँपिअर प्रवाह लागतो. पण वर सांगितलेल्या वायरीच्या टोकाला दोन तारा थेट एकमेकींना चिकटल्या तरी २३० भागिले १.९५, म्हणजे ११८ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह वाहूच शकत नाही. वायर जितकी लांब आणि बारीक, तितका दोष एमसीबीपासून लपतो.

माणसाचे रक्षण तर एमसीबीचे कामच नाही. शरीरातून गेलेले काही दशांश अँपिअरही प्राणघातक ठरतात, आणि १६ अँपिअरच्या बटणाला त्याचा पत्ताही लागत नाही. ते काम आरसीसीबीचे, म्हणजे फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत फरक पडताच परिपथ तोडणाऱ्या उपकरणाचे, आणि आयईसीच्या कॅरव्हॅन तळांविषयीच्या मानकात प्रत्येक सॉकेटला ३० मिलीअँपिअरचे असे संरक्षण आवश्यक मानले आहे. कॅरव्हॅनचा सांगाडा धातूचा आणि टायर रबराचे, म्हणून “दोन तारांवर सगळं चालतं, अर्थिंग कशाला” हा समज येथे सर्वांत घातक ठरतो: आत कुठे फेजची तार पत्र्याला टेकली की सगळी गाडी जिवंत होते, आणि ओल्या मातीत अनवाणी उभे राहून दाराच्या कडीला हात लावणाऱ्याच्या शरीरातून प्रवाह जमिनीत जातो. तीन पिनांच्या प्लगमधली अर्थची पिन उगाच लांब ठेवलेली नाही. ती सर्वांत आधी जुळावी आणि सर्वांत शेवटी सुटावी, म्हणून ती लांब आहे.

बाकीचे समज थोडक्यात उरकता येतात. आवरण जाड म्हणजे तांबे जाड, असे नव्हे. आवरणावर छापलेला चौरस मिलिमीटरचा आकडा वाचावा लागतो. काळी टेप गुंडाळलेला पीळ म्हणजे सांधा नव्हे. तो सैल होतो, तापतो आणि पावसात पाणी पितो. व्होल्टेज उतरले म्हणजे धोका उतरला, हेही चूक, कारण एसीच्या कॉम्प्रेसरसारखी मोटर कमी व्होल्टेजला जास्त प्रवाह ओढू शकते.

युरोपातल्या कॅरव्हॅन तळांवर १६ अँपिअरसाठी २.५ चौरस मिलिमीटरची, तीन तारांची, साधारण २५ मीटरची एकसंध वायर वापरण्याची पद्धत आहे, आणि त्यामागचा हिशेब सोपा आहे: १६ अँपिअरला तिच्यात सुमारे ६.४ व्होल्टच खर्च होतात. अंतर ५० मीटर असेल तर दोन तुकडे जोडण्याऐवजी ४ चौरस मिलिमीटरची एकच वायर घ्यावी, ती पूर्ण उलगडावी, आणि प्लग-सॉकेट जमिनीपासून उंच, पाणी शिरणार नाही अशा पेटीत ठेवावेत. पूर्ण लोडवर अर्धा तास गेल्यावर वीज बंद करून प्लग काढावा आणि पिनांजवळचे प्लॅस्टिक पाहावे. ते तपकिरी पडले असेल, किंवा हात ठेववत नसेल, तर ती वायर आणि तो प्लग त्याच दिवशी बदलावा.