बारा वर्षे उघडे राहिलेले दार

दिवाळी आली की मराठवाड्यात तेरखेड्याचे नाव निघतेच. धाराशिव जिल्ह्यातील वाशी तालुक्यातले हे गाव फटाक्यांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. फटाक्यांच्या कारखान्यात दारूच्या कोठाराशी कोणालाही मोकळे सोडून चालत नाही. संगणकाच्या कार्यप्रणालीचेही तसेच आहे, हे मला एका उदाहरणाने मांडायचे आहे.

लिनक्स कार्यप्रणालीत सर्वाधिकारी वापरकर्त्याला 'रूट' म्हणतात. इतरांना आपापल्या फायलींपुरती मुभा. पण काही कामे रूटच्या अधिकाराशिवाय होत नाहीत. त्यासाठी मोजके प्रोग्राम, कोणीही चालवले तरी, रूटच्या अधिकाराने चालतात आणि मागणी तपासून मगच काम करतात. 'पीकेएक्झेक' हा असाच एक राखणदार.

२५ जानेवारी २०२२ रोजी क्वालिस या कंपनीने त्यातला दोष जाहीर केला. या अमेरिकी कंपनीचे मोठे केंद्र पुण्यात आहे. दोष मे २००९ पासून होता. उबुंटू, डेबियन, फेडोरा या सगळ्यांत होता.

पीकेएक्झेकला सूचना ओळीने मिळतात: पहिल्या जागी त्याचे स्वतःचे नाव, पुढे चालवायच्या प्रोग्रामचे. ओळ साफ रिकामी असू शकेल, हे गृहीतच धरले नव्हते. तशी ओळ दिली की तो दुसरी जागा वाचायला जातो आणि ओळीबाहेर पडतो. स्मृतीत तिथे वापरकर्त्याने ठरवलेल्या परिसराच्या नोंदी असतात. त्यांतली पहिली वाचून तो तिच्या जागी नवा मजकूर लिहितो. सुरुवातीलाच गाळून टाकलेली धोकादायक नोंद या वाटेने परत आत येते. मग चुकीचा संदेश छापताना अक्षरे बदलणारी फाईल शोधत तो हल्लेखोराने ठेवलेली फाईल उचलतो आणि रूटच्या अधिकाराने चालवतो.

या दोषाने बाहेरून थेट शिरता येत नाही. आधी यंत्रावर साधे खाते लागते. म्हणून धोका लहान वाटतो. पण विद्यापीठाच्या किंवा रुग्णालयाच्या सर्व्हरवर अनेकांची खाती असतात. त्यांतला एक पासवर्ड चोरीला गेला, तरी सगळ्यांच्या नोंदी उघड्या पडतात.

क्वालिसने १८ नोव्हेंबर २०२१ लाच हा दोष संबंधितांना कळवला होता. दुरुस्तीची तयारी होईपर्यंत तो गुप्त राहिला. दुरुस्ती मिळेपर्यंत तात्पुरता उपाय सोपा होता: पीकेएक्झेकचा विशेषाधिकार काढून घेणे. मला त्यातच खरा धडा दिसतो. कोठाराच्या किल्ल्या जितक्या थोड्या हातांत, तितकी राखण सोपी. आणि ज्याच्या हाती किल्ली आहे, त्याचीही तपासणी व्हायलाच हवी.