खापरच्या रस्त्यावरचा लिंक रॉड

अंकलेश्वरहून बऱ्हाणपूरला जाणारा महामार्ग डेडियापाडा आणि सागबारा मागे टाकून महाराष्ट्रात शिरतो, तेव्हा अक्कलकुव्याच्या अलीकडे खापर लागते. एका अंगाला सातपुड्याचे डोंगर, पाठीशी गुजरातची हद्द आणि मधून दिवसरात्र अवजड वाहने. या महामार्गाच्या खड्ड्यांची ओरड जुनी आहे. पावसाळा सरता सरता डांबराचे तुकडे उखडतात, एक चाक खड्ड्यात आणि दुसरे वर अशी गाडी मैलोन् मैल चालते. अशा रस्त्यावर गाडीचा जो भाग सगळ्यांत आधी बोलू लागतो, तो बहुतेक गाडीमालकांनी कधी डोळ्यांनी पाहिलेलाही नसतो. गॅरेजात त्याला लिंक रॉड म्हणतात, कुठे स्टॅबिलायझर लिंक.

दिसायला तो अगदी साधा आहे. बोटभर जाडीची, लहान गाड्यांत साधारण वीतभर लांबीची दांडी, दोन्ही टोकांना बॉल जॉइंट किंवा रबरी बुश, आणि दोन नट. एक टोक चाकाच्या बाजूला शॉकअपच्या नळीला किंवा चाक खालून धरणाऱ्या लोअर आर्मला बांधलेले, दुसरे स्टॅबिलायझर बारला. हा बार म्हणजे गाडीच्या पुढच्या भागातून आडवा गेलेला स्प्रिंगच्या पोलादाचा गज. त्याचा मधला भाग दोन रबरी बुशांत धरलेला असतो आणि दोन्ही टोके वळून चाकांकडे जातात.

त्याचे काम समजून घेतले की लिंक का झिजतो ते आपोआप कळते. दोन्ही चाके एकदम वर उचलली गेली तर हा बार आपल्या बुशांत नुसता फिरतो, कुणाला विरोध करत नाही. पण एकच चाक उचलले गेले, तर ओला पंचा पिळावा तसा बार पिळला जातो आणि परत सरळ होण्याच्या धडपडीत दुसऱ्या चाकालाही वर ओढतो. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलते तेव्हा बाहेरचे चाक दबते, आतले सैल होते. बार त्या दोघांतला फरक कमी करतो आणि गाडी कमी कलते. पिळवटण्याचे हे सगळे बळ बारपर्यंत पोहोचवणारा दुवा एकच, तो म्हणजे लिंक.

बळ किती, याचा अंदाज एका हिशेबाने येतो. बारचा ताठपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतो. २० मिलिमीटरचा बार २२ मिलिमीटरचा केला तर जाडी दहा टक्क्यांनी वाढते, पण ताठपणा सुमारे ४६ टक्क्यांनी. बार जितका ताठ, तितका लिंकच्या बॉलवर पडणारा दाब मोठा. म्हणून बाजारातून जाड बार आणून बसवणाऱ्यांनी लिंकही त्याच तोडीचा घ्यायला हवा. हे सांगणारा दुकानदार विरळा.

खड्ड्यांच्या रस्त्यावर दोन चाके एकाच वेळी एकसारखी उचलली जातात असे क्वचितच होते. डावे बुडते तेव्हा उजवे चढते, पुढच्या क्षणी उलट. लिंक दर वेळी ओढला जातो, दाबला जातो. त्यातच गतिरोधकावरून तिरपी गाडी काढायची आपली सवय. गाडीचे पोट घासू नये म्हणून ती लागलेली आहे आणि काही ठिकाणी तिला पर्यायही नसतो. पण तिरप्या गाडीचे एक चाक आधी चढते, दुसरे मागून, आणि तेवढ्या वेळात बार चांगलाच पिळला जातो. जिथे पोट लागत नाही तिथे वेग अगदी कमी करून सरळ जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या बारचे पेटंट कॅनडातल्या फ्रेडरिक्टन गावच्या स्टीफन कोलमन यांना १९१९ मध्ये मिळाले. साध्या गाड्यांत तो सर्रास दिसू लागायला पुढे बरीच वर्षे गेली. त्याच्या अभावाची सर्वांत गाजलेली कथा अमेरिकेतली आहे. १९६० च्या मॉडेलची शेव्हरोले कॉर्व्हेर ही इंजिन मागे असलेली गाडी पुढच्या बारशिवाय बाजारात आली. खर्च वाचवण्यासाठी तो गाळला, असा आरोप राल्फ नेडर यांनी १९६५ च्या आपल्या पुस्तकात केला. त्याआधीच, १९६४ च्या मॉडेलपासून, कंपनीने तो प्रत्येक गाडीला दिलेला होता. पुढे १९७२ च्या सरकारी अहवालाने कॉर्व्हेर तेव्हाच्या इतर गाड्यांपेक्षा विशेष धोकादायक नव्हती असे म्हटले, हेही सांगायला हवे. पण एका गजावरून एवढे रणकंदन झाले, यावरून त्याचे वजन कळते.

आपल्याकडची कथा मला अधिक जवळची वाटते. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ला वेगळा लिंक नव्हताच. तिच्या बारचे टोक थेट लोअर आर्ममधून आरपार जाई आणि दोन्ही बाजूंनी बुश लावून नटाने आवळलेले असे. बार दुहेरी काम करी: गाडी कलण्यापासून रोखायची, शिवाय आर्मला पुढे-मागे सरकू द्यायचे नाही. मॅकफर्सन यांच्या सस्पेन्शनच्या मूळ रचनेतली ही काटकसर होती, आणि सुंदर काटकसर होती. त्यामुळे ८०० चा तो बुश झिजला की नुसता आवाज येत नसे; ब्रेक दाबताच चाक मागे सरके, गाडी एका बाजूला ओढे. ती गाडी सांभाळलेले जुने मिस्त्री आजही पुढून आवाज आला की आधी बुश पाहतात. पुढच्या गाड्यांत आर्मला स्वतंत्र आधार मिळाला, बार मोकळा झाला आणि मधे लिंक आला. लिंक तुटला तरी चाक जागेवर राहते, ही मोठी सुधारणा. मात्र त्याच कारणाने लोक त्याच्याकडे दुर्लक्ष करू लागले.

जुन्या पाट्यांच्या जीपला बहुधा असा बार नसे. पाटेच इतके ताठ की वेगळ्या बारची गरज भासत नसे. डोंगरातल्या दगडी वाटेवर चाके मोकळेपणी खालीवर होणे हेच महत्त्वाचे असते. म्हणून परदेशातल्या काही जीपना बटण दाबून बार सोडवायची सोय असते. खापरहून डांबरी रस्त्याने केवडियाला जाणाऱ्या कारची गरज वेगळी आहे, देवगोईचा घाट चढून मोलगीकडे जाणाऱ्या भरलेल्या गाडीची वेगळी. महाशिवरात्रीला याहा मोगी मातेच्या यात्रेसाठी देवमोगऱ्याकडे किंवा होळीला काठी गावाकडे गाड्या निघतात, तेव्हा टपावर सामान, आत माणसे दाटीवाटीने. असे ओझे वर चढले की गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर कलणे वाढते. बार त्याला काही अंशी आवरतो. एका बाजूचा लिंक तुटलेला असेल तर तेवढेही नाही, कारण एक टोक सुटले की दुसऱ्या टोकाला पिळायला काही उरत नाही. मात्र दोन्ही लिंक नवे आहेत म्हणून चार माणसे जास्त बसवणे हा जिवाशी खेळ आहे.

आता निदान. याच ठिकाणी लोकांचा पैसा वाया जातो. दहा ते तीस किलोमीटर वेगात, उखडलेल्या डांबरावर, पुढून सुकी कटकट येते. गाडी वेगात आणि रस्ता गुळगुळीत असला की ती थांबते. अनेकदा लगेच शॉकअप बदलण्याचा सल्ला मिळतो. खर्च काही हजारांचा. लिंक मात्र बहुतेक लहान गाड्यांचा काही शे रुपयांत येतो. म्हणून तपासणीची सुरुवात लिंकपासून व्हावी. गाडी चारही चाकांवर उभी असताना स्टिअरिंग पूर्ण वळवले की बऱ्याच गाड्यांत चाकामागे लिंक दिसतो. इंजिन बंद आणि हँडब्रेक ओढलेला असू द्यावा. लिंक मुठीत धरून जोराने हलवावा. बॉलमध्ये खेळ असेल तर हाताला टक्‌ असे जाणवते. रबरी टोपी फाटलेली, ग्रीस बाहेर आलेले, त्यावर माती चिकटलेली दिसली तर त्या लिंकचे आयुष्य संपत आले असे समजावे. आतली बैठक प्लॅस्टिकची असते, ग्रीस भरायला निपल बहुधा नसते. बाहेरून तेल टाकून आवाज दोन दिवस दबतो, झीज भरून येत नाही. तरीही शंका उरली, तर दोन्ही लिंक सोडून गाडी त्याच उखडलेल्या रस्त्यावर अगदी सावकाश थोडी चालवून पाहतात. आवाज गेला तर चोर सापडला.

बदलण्याच्या कामात सगळी कसोटी जुना नट सोडवण्यात लागते. चिखल-पाण्याने आटे गंजलेले असतात आणि नट फिरवला की बॉलचा खिळाही त्याच्याबरोबर गरगर फिरतो. त्यासाठी खिळ्याच्या टोकाला ॲलन-कीचे भोक असते, किंवा मागे पातळ पाना धरायला सपाट कडा. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवले तर सकाळी निम्मे काम झालेले असते. तेही नाही साधले तर ग्राइंडरने नट कापावा, पण जवळच्या ब्रेकच्या रबरी नळीला ओले कापड गुंडाळून.

गाडी एकाच बाजूने जॅकवर उचलू नये. एक चाक लोंबते आणि दुसरे जमिनीवर राहते, तेव्हा बार पिळलेला असतो; लिंक ताणात अडकतो आणि नवा लिंक भोकात बसत नाही. मग हातोडा निघतो आणि नव्याचेच आटे खराब होतात. दोन्ही चाके सारखी उचलून खाली पक्के स्टँड द्यावेत, मागच्या चाकांना दगड लावावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणी जाऊ नये, मग तो मिस्त्री कितीही अनुभवी असो.

लिंक जोडीने बदलावेत. दोघांनी तेच खड्डे खाल्लेले असतात. नट नवेच घ्यावेत, कारण नायलॉनचे कडे असलेला नट एकदा सुटला की त्याची पकड कमी होते. रबरी बुशाचा लिंक असेल तर शेवटचे आवळणे गाडी चाकांवर उतरवून करावे, नाहीतर बुश पिळलेल्या अवस्थेतच घट्ट होतो आणि लवकर फाटतो. आवळताना रबर पार चेपेपर्यंत पाना ओढू नये. किती आवळायचे तो आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. केवळ लिंक बदलला तर अलाइनमेंट करण्याची सहसा गरज नसते. आठवडाभर गाडी चालली की पुन्हा एकदा पाना लावून दोन्ही नट पाहून घ्यावेत.