रोमन मोहरेची पडताळणी

रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातील सुवर्णनाणे तळहातावर घेतले म्हणजे नवख्याची दृष्टी प्रथम सम्राटाच्या मुखाकडे जाते. परंतु काल व टांकसाळ निश्चित करण्याच्या कामी ते मुखच सर्वांत कमी उपयोगी पडते. आरंभीच्या सम्राटांचे नाक, हनुवटी, मानेवरची वळी ठसे कोरणाऱ्यांनी हुबेहूब उतरवली. पाचव्या शतकात मात्र शिरस्त्राण घातलेला, खांद्यावर भाला टेकलेला, हाती ढाल धरलेला, किंचित तिरप्या मुखाचा तोच एक पुतळा आर्केडियसपासून अनास्टेशियसपर्यंत शंभराहून अधिक वर्षे उमटत राहिला आणि नाव तेवढे बदलत गेले.

म्हणून भिंगाआधी तराजू. कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकाच्या आरंभी सॉलिडस ही मोहर पाडली ती एका रोमन रत्तलास 72 नाणी या प्रमाणाने, आणि त्यामुळे पुऱ्या वजनाचे नाणे साडेचार ग्रॅमच्या आसपास भरते. वजनात तूट आली की कडा कातरली आहे, की नाणेच नकली आहे, याची खातरजमा करावी लागते. ही तक्रार जुनीच आहे. देणाऱ्या-घेणाऱ्यांतील असल्या तंट्यांचा निवाडा व्हावा म्हणून ज्युलियन सम्राटाने 363 साली नगरोनगरी सरकारी तोलदार नेमण्याचा हुकूम काढला होता.

वजन पटले म्हणजे नाणे उलटावे आणि प्रकाश आडवा पाडून चित्राच्या पायाशी असलेली पाच रोमन अक्षरे वाचावीत. 'कोनोब' असेल तर पहिली तीन कॉन्स्टँटिनोपलची व उरलेली दोन तावून शुद्ध केलेल्या सोन्याची. पश्चिमेकडील टांकसाळी बहुधा 'कोमोब' लिहीत आणि आपली ओळख चित्राच्या दोहों बाजूंस एकेक अक्षर घालून देत: मिलानची वेगळी, राव्हेन्नाची वेगळी. तथापि या खुणेवर आंधळा विश्वास ठेवणे धोक्याचे आहे, हे दुसऱ्या थिओडोसियसच्या एका प्रसिद्ध नाण्यावरून ध्यानात येते. त्याच्या मागील बाजूस सिंहासनस्थ नगरदेवता जहाजाच्या नाळेवर पाय टेकून बसली आहे, पायाशी 'कोमोब' आहे, आणि नाणे मात्र खुद्द कॉन्स्टँटिनोपलचे आहे. भोवतीच्या लेखात सम्राटपदाचे 42 वे वर्ष व 17 वे कॉन्सलपद नोंदलेले आहे. थिओडोसियस 402 च्या जानेवारीत ऑगस्टस झाला, 439 मध्ये सतराव्यांदा कॉन्सल झाला आणि 444 मध्ये अठराव्यांदा. म्हणजे हा मजकूर 443 च्या सुमाराचा ठरतो. आता मौज अशी की, हाच मजकूर वालेंटिनियन तिसरा याचे नाव धारण करणाऱ्या नाण्यांवरही आढळतो, आणि दर्शनी बाजूवरच्या नावावर विसंबून हे आकडे त्याच्या कारकिर्दीस लावू पाहणाऱ्याचा हिशेब कधीच जुळत नाही. ज्याचे नाव आहे त्याचेच वर्ष असेल असे येथे गृहीत धरता येत नाही, आणि या शास्त्रातील मला सर्वांत प्रिय असलेला भाग हाच.

आपल्याकडील नाण्यांची हकीकत आणखी निराळी. सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवाशाने रोमन सोन्याची चलती सर्व राष्ट्रांत असल्याचे लिहून ठेवले, आणि त्याने उल्लेखिलेले कल्लियाना बंदर म्हणजे आपले कल्याण असे बहुतेक विद्वान मानतात. दक्षिण भारतात, कर्नाटकातील अक्की आलूरसारख्या ठिकाणी, पाचव्या-सहाव्या शतकांतील सॉलिडस भूमीतून निघाले आहेत. या प्रदेशातील कित्येक नाण्यांना सम्राटाच्या मस्तकाच्या वर एकमेकांलगत दोन भोके पाडलेली असतात. बाजारात भोकाचे नाणे कमी दर्जाचे समजतात. माझ्या मते हा अन्याय आहे. भिंगाखाली त्या छिद्रांच्या कडा पाहाव्यात: दोरा ओवला असता मुख सरळ उभे राहील अशाच जागी ती पाडलेली आहेत, आणि परदेशी राजाची ही मुद्रा कोणी तरी गळ्यात किंवा वस्त्रावर मिरवली, हे त्यांवरून उघड होते. सोबत स्थानिक नकलाही सापडतात. त्यांवरील अक्षरे नुसत्या रेघा झालेली असतात, तरी सोने खरे असते आणि भोके त्याच जागी. अशी नक्कल कोणत्या सम्राटाच्या खाती घालावी याचा खल करण्यापूर्वी ती कोणत्या गावी, कोणत्या नाण्यांच्या संगतीत निघाली हे लिहून घ्यावे. कारण सराफाच्या मुशीत गेलेल्या किंवा एकेक करून विकल्या गेलेल्या निधीची ती माहिती पुढे कोणत्याही भिंगाने मिळत नाही.