स्वेटर घालू की पंखा लावू?

पहाटे कुडकुडायचं, दुपारी घामाघूम व्हायचं आणि संध्याकाळी अवकाळी पावसात भिजायचं. मनाच्या आजारावरच्या गोळ्या चालू असतील, तर असा हिवाळा नुसत्या सर्दीवर भागत नाही.

सकाळच्या लेक्चरला जर्किन आणि कानटोपी. बारा वाजता तेच जर्किन कमरेला बांधलेलं. चारला ढग आणि बसस्टॉपवर ओलेचिंब आपण. पुणे असो की नाशिक, हिवाळा हल्ली असाच येतो. बाकीच्यांसाठी तो मीमचा विषय. पण तुमच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात, कुणाला दिसू नये अशी, गोळ्यांची स्ट्रिप असेल तर हे वाचाच.

माझ्या मैत्रिणीची गोष्ट सांगते, तिला विचारूनच. तिला बायपोलर डिसऑर्डर आहे, लिथियम चालू आहे. गेल्या डिसेंबरात गॅदरिंगची प्रॅक्टिस भर दुपारी ग्राउंडवर चालायची. ‘थंडीत कुठे तहान लागते?’ म्हणून पाण्याची बाटली रूमवरच. अंग दुखायला लागलं तर मेडिकलवाल्या काकांकडून पेनकिलर आणली. चौथ्या दिवशी हात इतके थरथरू लागले की चहाचा कप धरवेना. मग उलट्या, जुलाब. आम्ही म्हटलं, वडापाव बाधला. फोनवर तिचा जड झालेला आवाज आईने ओळखला. ‘पाणी पितेस का गं? आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जा,’ म्हणाली. रक्त तपासलं तर लिथियमची पातळी वर गेली होती. वेळेत पोहोचलो म्हणून दोन दिवसांच्या सलाइनवर निभावलं.

असं का झालं?

लिथियम शरीराबाहेर टाकायचं काम किडनीचं. घामावाटे पाणी आणि मीठ कमी झालं की किडनी मीठ धरून ठेवते, त्यासोबत लिथियमही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या पेनकिलरनी ते आणखी साठतं. उपयोगी डोस आणि घातक डोस यांत अंतर थोडंच असतं. म्हणून तहान नसली तरी दिवसभर पाणी प्या, जेवणातलं मीठ एकदम कमी-जास्त करू नका. जोरात थरथर, उलट्या-जुलाब, तोल जाणं, बोलताना अडखळणं असं काही दिसलं तर ‘उद्या बघू’ नाही, थेट हॉस्पिटल.

घाम जास्त, घाम कमी

डिप्रेशन-अँक्झायटीवरच्या सर्ट्रालीन, एस्सिटॅलोप्रॅमसारख्या गोळ्यांनी काहींना खूप घाम येतो, रात्रीसुद्धा. अशा वेळी एका जाड स्वेटरऐवजी सुती टी-शर्टवर दोन पातळ थर घाला, काढता-घालता येतात. उशाशी कोरडा टी-शर्ट ठेवा. उलट अमिट्रिप्टिलीन, ट्रायहेक्सीफेनिडिलसारख्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं आणि घाम कमी येतो. घाम नाही म्हणजे शरीर थंड होणार कसं? काही अँटिसायकोटिक औषधं तर मेंदूचा थर्मोस्टॅटच थोडा बिघडवतात. त्यामुळे दुपारची मॅच, ट्रेक असेल तर सावली शोधा, मध्ये थांबा.

भिजलात, शिंका सुरू?

मेडिकलमध्ये नुसतं ‘सर्दीची गोळी द्या’ म्हणू नका. आधीची स्ट्रिप दाखवा. लाज वाटत असेल तर मोबाइलवर फोटो दाखवा. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत गुंगी आणणारं औषध असतं. आधीच ओलँझापिन किंवा क्वेटियापिनने झोप येत असेल, तर सकाळी धुक्यात गाडी चालवणं धोक्याचं. खोकल्याच्या काही सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन डिप्रेशनच्या अनेक गोळ्यांसोबत चालत नाही. आणि पहाटे अलार्म वाजला की ताडकन उठू नका. मिनिटभर पलंगाच्या कडेला बसा, चक्कर टळते.

गोळी बंद? स्वतःहून नाही

घाम, सुस्ती, वाढलेलं वजन यांचा वैताग येतो. खरंच येतो. ‘परीक्षेपुरती बंद करू’ असंही वाटतं. पण अचानक थांबवलं तर चक्कर, चिडचिड, झोपेचं खोबरं होतं आणि मूळ आजार डोकं वर काढतो. त्यापेक्षा आठवडाभर वहीत तीन गोष्टी लिहा: गोळी किती वाजता घेतली, त्रास कधी झाला, त्या दिवशी हवा कशी होती. ते पान डॉक्टरांना दाखवा. डोस, वेळ किंवा औषधसुद्धा बदलता येतं. तो निर्णय त्यांचा आणि तुमचा मिळून.

डॉक्टर लगेच भेटत नसतील, मन सैरभैर झालं असेल, तर सरकारच्या टेली-मानसचा नंबर सेव्ह करा: १४४१६. २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं.

यंदाही मैत्रीण गॅदरिंगमध्ये नाचतेय. फरक एवढाच, ग्रुपमध्ये आता कुणीतरी दर तासाला ओरडतं, ‘ए, पाणी पी!’ तुमच्या ग्रुपमध्ये असं ओरडणारं कुणी आहे का? नसेल, तर तुम्ही व्हा.