एकदाच, पण पूर्ण मुदत

२०११च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख ३३४ भरली. हिंदी महासागरातल्या मॉरिशसची लोकसंख्याही साधारण तेवढीच. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजुरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तिथे आहेत. आपल्या एका जिल्ह्याएवढ्या या देशाने २००७ साली स्पर्धा कायदा केला आणि २००९पासून त्याचा स्वतंत्र स्पर्धा आयोग काम करतो आहे. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या समुद्रातली जर्सी आणि गर्न्सी ही बेटे तर त्याहून कितीतरी लहान. त्यांनी दहा वर्षे स्पर्धेवर देखरेख ठेवणारे कार्यालय एकत्र चालवले आणि २०२०मध्ये पुन्हा आपापली चूल मांडली. अशा बेटावर आयोगाच्या प्रमुखाची मुदत संपत आली की त्यालाच पुन्हा नेमायचे का, हा प्रश्न हमखास उभा राहतो. तिथे या विषयातले जाणकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात आणि त्यांतले निम्मे कोणत्या तरी कंपनीशी बांधलेले असतात. त्यामुळे मिळालेला चांगला माणूस टिकवून ठेवावा, हा तिथला विचार समजण्यासारखा आहे. आपल्या २००२च्या स्पर्धा कायद्यातही भारतीय स्पर्धा आयोगाच्या अध्यक्षाला पाच वर्षांनंतर पुन्हा नेमण्याची सोय आहे. पण बेटावर जी सोय गरजेपोटी आली, ती आपल्याकडे निरुपयोगी आहे, आणि उद्या कोणी खरोखर वापरली तर घातक ठरेल, असे माझे मत आहे.

दिल्लीत बसणाऱ्या आयोगाचा अध्यक्ष कोण, याने लाखांदूरच्या किंवा साकोलीच्या माणसाला काय फरक पडतो? प्रधानमंत्री आवास योजनेत मंजूर झालेले एक घरकुल घ्या. सपाट भागात त्याचे अनुदान १ लाख २० हजार रुपये. ही रक्कम ठरलेली, हप्तेही ठरलेले. पण रेती, लोखंड आणि सिमेंट यांचा भाव लाभार्थ्याच्या हातात नाही. सिमेंटच्या पोत्यामागे वीस-तीस रुपये वाढले की स्लॅब पुढच्या हंगामावर जातो. कंपन्यांनी आपापसांत ठरवून भाव चढवले, माल कमी काढून टंचाई भासवली, लिलावात किंवा टेंडरमध्ये कोणी किती बोली लावायची हे आधीच वाटून घेतले, तर हे सारे स्पर्धा कायद्याच्या कलम ३खाली गुन्ह्यासारखे धरले जाते. हे कलम विकणाऱ्यांपुरते नाही, विकत घेणाऱ्यांनाही ते लागू आहे. खरेदीदारांनी एकी करून धानाचा भाव पाडला, तर तेही संगनमतच. टेंडर मॅनेज झाले, हे वाक्य आपल्याकडे चहाच्या टपरीवर इतक्या सहज उच्चारले जाते की त्यावर दाद मागायला देशात एक जागा आहे, हेच विसरायला होते. ती जागा म्हणजे हा आयोग.

सिमेंटच्याच खटल्यात या जागेची ताकद दिसली आणि तिची दुखरी बाजूही दिसली. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाच्या तक्रारीवरून चौकशी झाली. जून २०१२मध्ये आयोगाने अकरा सिमेंट कंपन्यांना मिळून ६ हजार ३०० कोटी रुपयांच्या आसपास दंड ठोठावला. कंपन्या अपिलात गेल्या आणि डिसेंबर २०१५मध्ये तो आदेश रद्द झाला. रद्द होण्याचे कारण वाचून मन विषण्ण होते. कंपन्यांनी संगनमत केले की नाही, हा मुद्दा तिथे निर्णायक ठरलाच नाही. अंतिम सुनावणीला अध्यक्ष हजर नव्हते, आदेशावर मात्र त्यांची सही होती. ज्याने ऐकले त्यानेच निकाल द्यावा, हे न्यायाचे साधे तत्त्व मोडले, म्हणून सगळे पुन्हा करायला लागले. ऑगस्ट २०१६मध्ये आयोगाने नव्याने ऐकून पुन्हा दंड लावला आणि जुलै २०१८मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तो कायम केला. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. या प्रकरणात अध्यक्षाची मुदत मध्येच संपली होती असे नाही. पण आयोगाचे काम कसल्या जातीचे आहे, हे त्यातून कळते. तहसील कार्यालयात एका साहेबाची बदली झाली तर दुसरा येऊन फायलीवर सही करू शकतो. इथे तसे चालत नाही. ऐकणारा बदलला की सुनावणी पुन्हा सुरू करावी लागते. अशा कामाला लागतो तो सलग, पूर्ण काळ खुर्चीवर बसणारा माणूस.

असा माणूस आपल्याला एकदाही मिळालेला नाही. कायद्याने अध्यक्षाची मुदत पाच वर्षे ठेवली, पण वयाची मर्यादा ६५ घातली, आणि नेमणुका होत गेल्या त्या साठी ओलांडलेल्या किंवा तिच्या उंबरठ्यावरच्या अधिकाऱ्यांच्या. पहिले अध्यक्ष धनेंद्र कुमार २००९मध्ये आले आणि २०११मध्ये गेले. अशोक चावला ऑक्टोबर २०११ ते जानेवारी २०१६ एवढा काळ राहिले. त्यांच्यानंतरचे देवेंद्र कुमार सिकरी जुलै २०१८पर्यंत, म्हणजे अडीच वर्षे. अशोककुमार गुप्ता नोव्हेंबर २०१८मध्ये रुजू झाले आणि ऑक्टोबर २०२२मध्ये वय भरले म्हणून निवृत्त झाले. चौघांपैकी एकाचीही पाच वर्षे भरली नाहीत. पहिलीच मुदत जिथे अपुरी, तिथे दुसरीची सोय कोणासाठी? गुप्तांनंतर तर सात महिने पूर्णवेळ अध्यक्षच नव्हता. आयोगाच्या बैठकीला किमान तीन जणांची गणपूर्ती लागते आणि उरले होते दोन सदस्य. कंपन्यांच्या विलीनीकरणाची प्रकरणे अडकली, चौकशीतले निर्णय थांबले. शेवटी फेब्रुवारी २०२३मध्ये, अगदीच निरुपाय असेल तर नियमाला मुरड घालता येते या कायद्यातल्या तत्त्वाचा आधार घेऊन दोनच सदस्यांनी विलीनीकरणे मंजूर करायला सुरुवात केली. मे २०२३मध्ये रवनीत कौर अध्यक्ष झाल्या तेव्हा कुठे गणपूर्ती झाली. गुप्तांची निवृत्तीची तारीख त्यांच्या जन्मतारखेइतकीच आधीपासून ठाऊक होती. तरीही खुर्ची रिकामी राहिली, याला नशीब किंवा अडचण म्हणता येणार नाही. हा निष्काळजीपणाच होता.

मग अनुभवी अध्यक्षाला पुन्हा नेमले तर ही पोकळी तरी टळेल, असे कोणी म्हणेल. टळेलही. पण त्याची किंमत काय, ते कोल इंडियाच्या खटल्यात पाहावे. तक्रार करणारी होती आपलीच महानिर्मिती. विदर्भातल्या वीज केंद्रांना नागपुरात मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सकडून कोळसा येतो, आणि ही वेस्टर्न कोलफील्ड्स कोल इंडियाची उपकंपनी. कराराच्या अटी एकतर्फी आहेत आणि कोळशाच्या प्रतीची तपासणी नीट होत नाही, अशा तक्रारी होत्या. कोळसा बदलून दुसरीकडून घ्यायची सोय नव्हती, कारण विकणारा एकच. २०१३मध्ये आयोगाने कोल इंडियाला १ हजार ७७३ कोटींचा दंड केला. तो आदेश अपिलात रद्द झाला आणि २०१७मध्ये फेरसुनावणीनंतर ५९१ कोटींचा दंड लागला. आम्ही राष्ट्रीयीकृत कंपनी, आम्हाला हा कायदा लागूच नाही, असा कोल इंडियाचा दावा होता. जून २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. म्हणजे केंद्र सरकारची मालकी असलेली कंपनी आयोगापुढे आरोपी म्हणून उभी राहू शकते, आणि आयोगाचा अध्यक्ष नेमते तेही केंद्र सरकारच. आपल्या जिल्ह्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मॅंगनीज काढणारी मॉइलसुद्धा सरकारीच कंपनी आहे, यावरून सरकार किती बाजारांत स्वतः दुकान मांडून बसले आहे याची कल्पना यावी. अशा वेळी मुदतीच्या चौथ्या वर्षी, पुन्हा नेमणूक होईल की नाही याची वाट पाहणारा अध्यक्ष सरकारी कंपनीविरुद्धचा निकाल लिहायला बसला, तर तो कितीही सचोटीचा असला तरी निकालावर संशयाची सावली पडतेच. तो सरकारच्या बाजूने लागला तर लोक म्हणतील, मुदतवाढ मिळवली. विरुद्ध लागला तर कंपनीचे वकील म्हणतील, मुदतवाढ नाकारली म्हणून राग काढला.

माझ्या या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप खुद्द सर्वोच्च न्यायालयाकडून येतो. २०१०मध्ये कंपनी न्यायाधिकरणासंबंधी निकाल देताना न्यायालयाने तीन वर्षांची मुदत फार कमी आहे, ती पाच किंवा सात वर्षे असावी आणि पुन्हा एकदा नेमणुकीची सोयही असावी, असे म्हटले होते. ऐन उमेदीतल्या वकिलाने चाललेली वकिली सोडून यावे, तर पुढची शाश्वती हवी, हे त्यामागचे एक कारण. ते खरेही आहे. पण ती शाश्वती एकाच लांब मुदतीतून अधिक चांगली देता येते. आपल्या देशात तसा पायंडाही आहे. महालेखापरीक्षक सहा वर्षांसाठी नेमला जातो आणि पद सोडल्यावर त्याला सरकारची दुसरी कोणतीही नोकरी घेता येत नाही. मुख्य माहिती आयुक्त, केंद्रीय दक्षता आयुक्त, लोकपाल यांना त्याच पदावर पुन्हा नेमता येत नाही. सरकारवर नजर ठेवणाऱ्या पदांना आपण हा नियम लावला. स्पर्धा आयोगही सरकारी कंपन्यांना दंड करतो, मग तो अपवाद का? दुसरा आक्षेप दूरसंचार नियामकाचा दाखला देतो. ट्रायचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांना २०१८मध्ये पुन्हा नेमले गेले आणि आभाळ कोसळले नाही. मात्र तिथली मूळ मुदतच तीन वर्षांची आहे. इतक्या तोकड्या मुदतीला ठिगळ लावण्यापेक्षा ती आधीच ऐसपैस शिवावी, हे बरे. अनुभव वाया जातो ही तक्रार मला मान्य आहे, पण आयोगाचा अनुभव एकट्या अध्यक्षाच्या डोक्यात नसतो, तो सदस्यांत आणि महासंचालकांच्या चौकशी पथकातही असतो. सगळे सदस्य एकदम निवृत्त होणार नाहीत अशा बेताने नेमणुका केल्या, तर तो टिकतो. २०१८मध्ये सरकारने अध्यक्षाशिवायच्या सदस्यांची संख्या सहावरून तीनवर आणली. त्या काटकसरीचे फळ आपण २०२२-२३च्या हिवाळ्यात पाहिले.

एक बारीक पण महत्त्वाची फट आणखी आहे. पद सोडल्यावर दोन वर्षे आयोगापुढे आलेल्या कंपनीत नोकरी धरायची नाही, असे बंधन कायद्याने अध्यक्षावर घातले आहे. सरकारी नोकरी आणि सरकारी कंपनी मात्र त्यातून वगळल्या आहेत. खासगी कंपनीचे दार बंद आणि सरकारचे उघडे. पुनर्नेमणुकीची तरतूद काढली आणि हे दार तसेच ठेवले, तर आशा एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर सरकेल एवढेच. दोन्ही एकत्रच बदलायला हवे. मुदत सात वर्षांची, एकदाच. निवड पंचावन्न-अठ्ठावन्न वयाच्या माणसांतून, म्हणजे वय मुदतीला आडवे येणार नाही. आणि नंतर सरकारी पदावरही तेवढेच निर्बंध. यासाठी संसदेत दुरुस्ती लागेल आणि तिला वेळ लागेल. पण एक गोष्ट आजच्या कायद्यातही करता येते. निवड समिती आहे, तिचे नेतृत्व सरन्यायाधीशांकडे किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीकडे असते. रवनीत कौर यांची पाच वर्षे मे २०२८मध्ये भरतात. त्या समितीची पहिली बैठक २०२७च्या दिवाळीआधी व्हावी, म्हणजे नवा अध्यक्ष जुन्याचा निरोप समारंभ होण्याआधीच ठरलेला असेल आणि सिमेंटच्या किंवा कोळशाच्या एखाद्या नव्या तक्रारीची तारीख गणपूर्तीअभावी पुढे ढकलावी लागणार नाही.