डॉक्टरांची उजळणी

मंडळी, आरोग्य केंद्राच्या दारावर कधी कधी खडूने लिहिलेली पाटी दिसते : ‘डॉक्टर प्रशिक्षणाला गेले आहेत. परवा येतील.’ ती वाचून माघारी फिरणारा माणूस काय म्हणतो, तेही तुम्ही ऐकले असेल. “एवढा शिकून डॉक्टर झाला, अजून काय शिकायचं राहिलंय याचं?” दुसरा म्हणतो, “अहो, तेवढंच हिंडायला मिळतं!” मी स्वतः अशा वर्गांना विद्यार्थी म्हणून बसलो आहे आणि पुढे काही वर्षे असे वर्ग घेतलेही आहेत. तेव्हा त्या पाटीमागे काय चालते, हे आज तुम्हाला सांगावे म्हणतो.

आमच्या गुरुजींना ही गोष्ट चटकन समजेल. पाढे पाठ झाले म्हणून शाळेत कोणी उजळणी सोडून देत नाही. वापरात नसलेला सत्तावीसचा पाढा सहा महिन्यांत डोक्यातून निघून जातो. पण डॉक्टरांच्या उजळणीत आणखी एक भानगड आहे. सत्तावीस त्रिक एक्क्याऐंशी हे आजोबांच्या वेळीही होते आणि नातवाच्या वेळीही राहील. वैद्यकाचे तसे नाही. तिथे पाढाच बदलतो. काल बरोबर म्हणून शिकविलेले उत्तर उद्या चूक ठरते आणि शिकून गेलेल्या विद्यार्थ्याला ते सांगायला कोणी घरी येत नाही.

ताप, खोकला, खरूज अशा दुखण्यांत डॉक्टरला थोडी सवड असते. आज औषध दिले, उद्या गुण नाही आला तर पुस्तक चाळता येते, मोठ्या डॉक्टरांना विचारता येते. तातडीच्या प्रसंगी ही सवड नसते. साप चावलेला माणूस, ट्रॅक्टरखाली सापडलेला मुलगा, छाती धरून कोसळलेला शेतकरी यांना उद्या या म्हणून सांगता येत नाही. त्या दहा-पंधरा मिनिटांत डॉक्टरच्या डोक्यात जे असेल आणि हाताला जी सवय असेल, तेवढ्यावरच सारे चालते.

विंचवाचे उदाहरण घ्या. कोकणातली मंडळी हे ऐकून मान हलवतील. लाकडाच्या ढिगात, पेंढ्यात, दगडांच्या फटीत असणारा लहानसा लाल विंचू. काळा मोठा विंचू दिसायला भयंकर, पण जीव घेणारा मुख्यतः हा लाल. त्याच्या विषाने मज्जातंतू चेतवले जातात आणि भीतीच्या वेळी अंगात जी द्रव्ये थोडी थोडी सुटतात, ती एकदम लोंढ्यासारखी सुटतात. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातपाय गार पडतात, दरदरून घाम येतो, उलट्या होतात. शेतातल्या पंपाची पाणी जाण्याची नळी कोणी घट्ट आवळून धरली तर पंप जसा घरघरतो, तशी गत हृदयाची होते. पुढे पाणी जाईना म्हणून ते मागे तुंबते ते थेट फुप्फुसात. रोगी कोरड्या जमिनीवर बुडू लागतो.

अशा गंभीर रोग्यांपैकी पूर्वी शंभरांत सुमारे तीस दगावत. त्यांत लहान मुले पुष्कळ. डॉक्टर उपचार करीत नव्हते असे नाही. घाम आणि लाळ थांबावी म्हणून ॲट्रोपिन देत. पण त्याने आधीच धावणारे हृदय आणखी धावते. कोणी स्टिरॉइडची इंजेक्शने देत, त्यांनीही आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल होत नसत. पुस्तकात होते, म्हणून देत.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला आले. त्यांनी काय केले, तर रोग्याच्या उशाशी बसून प्रत्येक खूण टिपून ठेवली. १९८२ साली ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचा या खुणांवरचा लेख आला. पुढे प्राझोसिन नावाचे औषध त्यांनी वापरून पाहिले. हे मुळात रक्तदाबाचे औषध, साधी गोळी. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. नळीवरची मूठ सुटली की पंप मोकळा होतो, तसेच हे. १९८६ साली तेही ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दगावणाऱ्यांचे प्रमाण शंभरांत तिसावरून एकाच्या आसपास उतरले. डॉ. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

आता खरा प्रश्न पुढेच आहे. १९८० साली परीक्षा पास झालेल्या डॉक्टरच्या पुस्तकात ही गोळी नव्हती. तो हुशार असेल, पहिल्या वर्गात आला असेल, पण त्याला ती ठाऊक असण्याचा संभव नाही. ‘लॅन्सेट’ काही आठवड्याच्या बाजारात मिळत नाही. कोणीतरी त्याला बोलावून, समोर बसवून सांगितल्याशिवाय ती गोळी त्याच्या कपाटात येणार कशी? नुसती गोळी येऊनही भागत नाही. ती दिल्यावर रोग्याला आडवेच ठेवायचे असते. लेकराला आईने उचलून खांद्यावर घेतले तर रक्तदाब एकदम उतरू शकतो. हे बारकावे गोळीच्या वेष्टनावर लिहिलेले नसतात. आणि पाढा पुन्हा बदललाच! २०११ साली महाडच्याच बावस्कर पतिपत्नींनी सत्तर रोग्यांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. विंचवाच्या विषावरची लस आणि प्राझोसिन अशी दोन्ही दिलेल्या पस्तीस रोग्यांपैकी बत्तीस जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसत्या प्राझोसिनवर तेवढ्याच वेळात बरे झाले ते पस्तीसांपैकी आठ. म्हणजे १९८६ चा धडा पाठ असलेल्या डॉक्टरलाही २०११ नंतर पुन्हा वर्गात बसणे भाग होते.

सापाच्या बाबतीत मला स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. सांगायला बरी वाटत नाही, पण सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका रात्री एक दहा-अकरा वर्षांची मुलगी आणली. घोणस चावलेली. पाय सुजलेला, हिरड्यांतून रक्त येत होते. सर्पविषावरच्या लसीच्या कुप्या माझ्या कपाटात होत्या. ही लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालते, हेही मला माहीत होते. तरी मी काय केले? “पुढे मोठ्या दवाखान्यात न्या,” म्हणून चिठ्ठी लिहून दिली. पुढचा दवाखाना दोन तासांवर होता.

मला लसीची भीती वाटत होती. ही लस घोड्याच्या रक्तापासून करतात. काही रोग्यांना ती दिल्याबरोबर अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो. तसे झाले तर काय करायचे, हे मी पुस्तकात वाचले होते, पण हाताने कधी केले नव्हते. ती मुलगी वाचली. परंतु तिची मूत्रपिंडे बिघडली आणि कित्येक आठवडे ती रुग्णालयात पडून होती. ते दोन तास मी तिचे घेतले, असे मला अजून वाटते.

पुढे मी एका वर्गाला गेलो. तिथे शिकविले ते फार अवघड नव्हते, हेच मला लागले. ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन आधी भरून जवळ ठेवायचे. लस दिल्यावर रोग्याला त्रास झाला तर लस थांबवून ते मांडीच्या स्नायूत द्यायचे, आणि तो सावरला की लस पुन्हा हळूहळू चालू करायची. लहान मुलाला लस कमी द्यायची नसते, कारण सापाने मुलाला विष कमी दिलेले नसते! रक्त गोठते की नाही हे पाहायला मोठी प्रयोगशाळा नको. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे हलवू नये आणि मग नळी वाकडी करून पाहावी. वर्गात हे सारे आम्ही चार चार वेळा हाताने केले, एकमेकांना रोगी करून. त्यानंतर भीती गेली असे नाही, पण भीतीच्या वेळी हात काय करतील हे ठरले. मंडळी, ‘पुढे घेऊन जा’ हे शब्द तुम्ही ऐकता, तेव्हा पुष्कळ वेळा ते खरेच आवश्यक असतात. पण कधी कधी त्यांच्यामागे सराव नसलेला एक घाबरलेला तरुण असतो. तो चांगला असतो, मेहनती असतो, पण त्याची उजळणी झालेली नसते.

हाताची विद्या तर डोक्यातल्या विद्येपेक्षा लवकर गंजते. बंद पडलेले हृदय छाती दाबून चालू ठेवण्याची पद्धत अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरी १९६० साली तीन संशोधकांनी प्रसिद्ध केली. त्याच वर्षी नॉर्वेमध्ये लेअर्डाल नावाच्या खेळणी करणाऱ्या गृहस्थांनी सरावासाठी माणसाएवढी बाहुली केली. आम्हा डॉक्टर लोकांना एका खेळणीवाल्याने शिकायला साधन दिले, ही मला मोठी गमतीची गोष्ट वाटते. आता या पद्धतीचाही पाढा पाहा. २००५ पर्यंत मोठ्या माणसाला पंधरा वेळा छाती दाबून दोन श्वास द्यावेत असे शिकवीत. २००५ साली पंधराचे तीस झाले. २०१० साली क्रमच उलटला : आधी छाती दाबा, श्वास मागून. दाब पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस. १९९५ साली पास झालेला डॉक्टर पुन्हा वर्गात गेलाच नसेल तर तो आजही मनात पंधरापर्यंतच मोजील.

आमच्या एका वर्गात पंचवीस वर्षे व्यवसाय केलेले एक वयस्कर डॉक्टर आले होते. “मला काय शिकवता?” असा चेहरा. त्यांनी बाहुलीची छाती दाबली. बाहुलीला जोडलेल्या मापात दिसले तीन सेंटीमीटर. दीड मिनिटात हात थकले आणि माप दोनवर आले. कोणी काही बोलले नाही. म्हणून तर दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो, एवढेच मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी ते अर्धा तास आधी येऊन एकटेच बाहुलीपाशी बसले होते. अशा अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्रही दोन वर्षांचेच असते, पण हात त्याच्या आधीच, काही महिन्यांत, विसरू लागतो.

अपघातातल्या जखमींसाठी असाच एक वर्ग जगभर चालतो. त्याची सुरुवात शेतातच झाली. १९७६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात एक हाडांचे डॉक्टर, जेम्स स्टायनर, स्वतः लहान विमान चालवीत असताना ते शेतात कोसळले. पत्नी जागीच गेली, मुले जखमी झाली. त्यांना जवळच्या खेड्यातल्या दवाखान्यात नेले. तिथले डॉक्टर मनापासून धडपडले, परंतु अशा जखमीला कोणत्या क्रमाने हाताळायचे, हे त्यांना कोणी शिकविलेच नव्हते. स्टायनर यांनी तक्रार करून थांबण्याऐवजी सहकाऱ्यांबरोबर अभ्यासक्रम आखला आणि १९७८ साली त्याच राज्यात पहिला वर्ग भरला. आधी श्वासाची वाट, मग श्वास, मग रक्तस्राव, मग शुद्ध, मग अंगावरचे कपडे काढून बाकीच्या जखमा. मोडलेला पाय कितीही भयंकर दिसला तरी त्याची पाळी मागून. हे प्रमाणपत्र चार वर्षे चालते.

आपल्याकडे नियम नाही असे नाही. डॉक्टरने पाच वर्षांत तीस तास असे शिक्षण घ्यावे, असे २००२ सालच्या वैद्यकीय आचारनियमांत सांगितले आहे, आणि महाराष्ट्रात नोंदणीच्या नूतनीकरणासाठी त्याचा हिशेब द्यावा लागतो. वर्षाला सहा तास पडतात. शाळेचा एक दिवस! माझे मत विचाराल तर, तेही पुष्कळदा शहरातल्या सभागृहात, काळोखात चित्रे पाहत संपतात. हृदयाच्या नव्या शस्त्रक्रियेवरचे व्याख्यान ऐकून खेड्यातल्या डॉक्टरला सह्यांचे गुण मिळतात, पण फुरसे चावलेल्याला त्याचा काय उपयोग? तास मोजण्यापेक्षा हात मोजावेत. तालुक्याच्या गावी, चार बाहुल्या, काही रिकाम्या कुप्या आणि एक तयार शिक्षक एवढ्यावर उत्तम वर्ग होतो. त्यात परिचारिका आणि रुग्णवाहिकेवरची माणसेही बसली पाहिजेत, कारण रात्री डॉक्टरच्या शेजारी उभी तीच असतात.

तुमच्या हाती काय आहे? साप चावला तर कापू नका, चोखू नका, आवळून दोरी बांधू नका. मोडलेल्या हाडासारखा तो भाग स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन करा. गुरुजींनी हे वरच्या वर्गांना सांगावे. आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत तुमच्यापैकी कोणी असेल, तर औषधांच्या यादीबरोबर एवढेही विचारा : इथल्या डॉक्टरांचा आणि परिचारिकांचा तातडीच्या उपचारांचा वर्ग शेवटचा कधी झाला? विचारणाऱ्याला डॉक्टर रागावणार नाही. उलट रजा मिळायला त्याला तुमच्या ठरावाचा आधारच होईल.

मात्र डॉक्टर वर्गाला गेले की दवाखाना उघडा राहिला पाहिजे, ही तुमची तक्रार अगदी रास्त आहे. बदली डॉक्टरची व्यवस्था आधी ठरवून घ्या. तेही जमले नाही तर पाटीवर जवळच्या चालू केंद्राचे नाव आणि फोनचा आकडा हवाच. ती पाटी गुरुजींनी लिहून दिली तर फार बरे. आम्हा डॉक्टरांचे अक्षर तुम्हाला ठाऊकच आहे.