चिंध्यांच्या बाहुलीतले पदार्थविज्ञान

ज्या घरात शिवणाचे मशीन असते, त्या घरात चिंध्यांचे एक गाठोडे हमखास सापडते. जुन्या परकराचा घेर, फाटका सदरा, लुगड्याचा काठ, खणाचा उरलेला तुकडा! एवढ्या भांडवलावर झकास बाहुली होते. पण विज्ञानाच्या मासिकात बाहुलीचे काय काम, असे तुम्हांला वाटेल. काही मुलगे तर पानच उलटतील! जरा थांबा. हौसेने शिवलेली बाहुली चार दिवसांत पोटाशी उसवते, बसवली की तोंडावर आपटते, गोल कापलेले तिचे डोके ओबडधोबड दिसते. असे का होते? या तिन्ही तक्रारींची उत्तरे तुमच्या गणिताच्या आणि पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत आहेत.

कापडी बाहुली फार जुनी. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये रोमन अमदानीतील, इजिप्तमध्ये सापडलेली एक बाहुली आहे. ती इसवी सनाच्या पहिल्या ते पाचव्या शतकांच्या दरम्यानची आहे. तिचे कापड जवसाच्या खोडातून काढलेल्या धाग्याचे असून आत चिंध्या आणि पपायरसचे तुकडे भरलेले आहेत. म्हणजे टाकाऊतून टिकाऊ करण्याची युक्ती आजची नव्हे!

आता कामाला लागू. प्रथम कापड निवडा. हातरुमाल घेऊन समोरासमोरच्या दोन कडा ओढा. तो फारसा ताणत नाही. आता समोरासमोरचे दोन कोपरे ओढा. रुमाल चांगलाच लांबतो आणि मध्ये आखडतो. कापडात उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे धागे म्हणजे बाणा. त्यांचे बारीक चौकोन बनलेले असतात. धाग्याच्या दिशेने ओढले, तर धागाच ताण सोसतो. कर्णाच्या दिशेने ओढले, तर धागे न ताणताच चौकोनाचा तिरपा समभुज चौकोन होतो. शिंपी या तिरप्या कापडाला उरेब म्हणतात. बाहुलीचे धड व हातपाय सरळ धाग्यात कापा, नाहीतर भरताना ते वेडेवाकडे लांबतील. तिच्या झग्याला मात्र उरेब कापड वापरा. त्याला सुंदर झोळ पडतो.

दुसरी गोष्ट डोक्याची. समजा, शिवणीच्या वर्तुळाची त्रिज्या ४ सें.मी. आहे आणि शिवणीबाहेर १ सें.मी. कापड सोडले आहे. त्या बाहेरच्या कडेचा परीघ २ × ३.१४ × ५, म्हणजे ३१.४ सें.मी. झाला. डोके सुलटे केले की हीच कड आत जाते. तेथे त्रिज्या फक्त ३ सें.मी., म्हणून परीघ १८.८४ सें.मी. उरलेल्या साडेबारा सेंटिमीटर कापडाने जावे कोठे? ते आत चुण्या करून बसते आणि बाहेर टेंगळे येतात. उपाय सोपा आहे. सुलटे करण्याआधी कडेला जागोजाग त्रिकोणी खाचा कापा. मानेच्या आतल्या बाकाशी उलट प्रकार होतो. तेथे कड अपुरी पडते, म्हणून नुसते सरळ छेद द्या. कात्री शिवणीला लागू देऊ नका, बरे का!

तिसरी गोष्ट भरण्याची. कापूस, सावरीचा कापूस किंवा बारीक कातरलेल्या चिंध्या, काहीही चालेल. सावरीचे तंतू पोकळ व मेणचट असतात, म्हणून ते हलके असतात आणि पाणी शोषत नाहीत. हातपायांची टोके आधी भरा. आता पोट का उसवते ते पाहा. आतून बाहेर ढकलणारा दाब सगळीकडे सारखा धरला, तर नळीच्या लांबीवरील शिवणीवर पडणारा ताण त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो. हाताची त्रिज्या २ सें.मी. आणि पोटाची ६ सें.मी. असेल, तर पोटाच्या शिवणीवर तिप्पट ताण येतो. शिवाय त्याच नळीच्या टोकाकडील शिवणीपेक्षा लांबीवरील शिवणीवर ताण दुप्पट असतो. म्हणून पोटाच्या बाजूंना धावदोरा पुरत नाही. तेथे बारीक उलटी टीपच हवी.

राहिले बसणे. बाहुलीचा गुरुत्वमध्य जितका खाली आणि बैठक जितकी रुंद, तितकी ती पक्की बसते. गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा बैठकीबाहेर गेला, की बाहुली कलंडलीच! यासाठी कोरड्या वाळूची घट्ट शिवलेली पुरचुंडी तिच्या बुडाशी ठेवा. गोल, जड बुडाची तंजावरची बाहुली याच तत्त्वावर पुन्हा उभी राहते. जर्मनीच्या केटे क्रूझे यांनी १९०५ साली आपल्या मुलीसाठी बाहुली केली, ती टॉवेलमध्ये वाळू भरून. डोके होते बटाट्याचे! वाळूमुळे तिला तान्ह्या बाळासारखे वजन आले. पुढे त्यांच्या बाहुल्या जगभर गेल्या.

केसांना लोकर किंवा काथ्या आणि डोळ्यांना जुनी बटणे लावा. लाल-काळ्या गुंजा दिसायला छान, पण त्यांचे बी अतिशय विषारी असते. भोक पाडलेली गुंज पोटात गेली, तर जिवावर बेतते. म्हणून गुंजा मुळीच वापरू नका. बाहुली तान्ह्या भावंडासाठी असेल, तर बटणेही नकोत. ती तोडून बाळ तोंडात घालते आणि घशात अडकतात. डोळे रंगीत दोऱ्याने भरा.

आता एक प्रयोग. एकाच कापडाच्या, एकाच मापाच्या दोन नळ्या शिवा. एक सरळ धाग्यात, दुसरी उरेब. दोन्हींत सारख्या वजनाचा कापूस ठासून भरा आणि दोन्हींची लांबी व घेर मोजून वहीत लिहा. बाहुलीचे हात कोणत्या नळीचे करायचे, ते तुमची मोजपट्टीच सांगेल.